टेस्टर पुण्याला गेली, टेस्टिंगही तिच्यासोबत गेलं



मागच्या रविवारच्या व्हिडिओत मी बोलता बोलता म्हणून गेले, की चार-पाच जणांची सॉफ्टवेअर कंपनी असली तरी तिनं टेस्ट मॅनेजमेंटचं क्लाउड टूल घ्यायला पाहिजे. त्यावर बऱ्याच जणांचा सूर असा होता, की ताई, हे मोठ्या कंपन्यांचे लाड. हिंजवडीत ठीक आहे, आपल्या खामगाव-चिखलीत त्याचं काय करायचं? व्हिडिओत तेवढा वेळ नव्हता, म्हणून इथे नीट लिहिते. माझं मत बरोबर उलटं आहे. हिंजवडीपेक्षा आपल्याकडे त्याची गरज जास्त आहे.

आधीच सांगते, मी सॉफ्टवेअरवाली नाही. बीबीए केलं, खामगावात दुकान टाकलं. जनरल आणि स्टेशनरी, शिवाय आसपासच्या खेड्यांतल्या छोट्या दुकानांना थोडा होलसेल माल. म्हणजे मी सॉफ्टवेअर बनवणारी नाही, भोगणारी आहे. पण माझ्या क्लासला येणाऱ्यांत दरवर्षी चार-दोन जण तरी असे असतात ज्यांना बिलिंग सॉफ्टवेअर, दूध डेअरीचं अ‍ॅप, कोचिंग क्लासच्या फीचं अ‍ॅप असं काहीतरी बनवून विकायचं असतं. हा लेख त्यांच्यासाठी. आणि असं सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांसाठीही, कारण मार आपणच खातो.

मी कसा मार खाल्ला ते ऐका.

२२ सप्टेंबर २०२५. घटस्थापनेचा दिवस, आणि जीएसटीचे नवे दर लागू झाले तो दिवस. कौन्सिलची ५६ वी बैठक ३ सप्टेंबरला झाली होती, म्हणजे तयारीला मिळाले १९ दिवस. १२ आणि २८ चे टप्पे जवळपास निकालात निघाले. साबण, शॅम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आलं. माझं बिलिंग सॉफ्टवेअर आपल्याच भागातल्या पाच पोरांच्या टीमनं बनवलेलं आहे. नाव सांगत नाही, मुलं कष्टाळू आहेत. आदल्या रात्री त्यांचा अपडेट आला. सकाळी दुकान उघडलं, पहिलं बिल काढलं, दर बरोबर. मी तर खूश होऊन एका व्हिडिओत त्यांचं कौतुकही करून टाकलं.

ऑक्टोबरमध्ये मेहकरकडच्या एका दुकानदारानं शॅम्पू-तेलाचा माल परत केला. सप्टेंबरच्या सुरुवातीला नेलेला होता, जुन्या दरानं, जुन्या एमआरपीचा. मूळ रक्कम ८,००० रुपये, त्यावर १८ टक्के म्हणजे १,४४०. एकूण ९,४४० त्यानं मला दिले होते. माल परत आला, सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं, क्रेडिट नोट निघाली. गर्दीत होते, बघितलं नाही. ती निघाली होती ८,४०० ची. सॉफ्टवेअरनं आजचा दर धरला, ५ टक्के. वास्तविक माल परत आला की क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानंच निघायला पाहिजे. १,०४० रुपयांचा फरक.

महिन्याभरानं त्याच्या हिशेबनीसानं तो पकडला. मग त्याचा फोन आला. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "ताई, हजार रुपयासाठी तुम्ही असं करसान असं वाटलं नव्हतं बा."

त्या रात्री मी दुकान बंद करून २२ सप्टेंबरनंतरच्या सगळ्या क्रेडिट नोटा काढल्या. अशा १४ निघाल्या. चौदा दुकानदारांना मी फोन केले, फरकाची रक्कम दिली, सीएकडे बसून पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्त्या टाकल्या. पैसे जमले. पण चौदापैकी दोघं त्यानंतर माल न्यायला आलेच नाहीत. ते कुठे जातात मला माहीत आहे, विचारायची हिंमत होत नाही.

सॉफ्टवेअरवाल्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, टेस्टिंग झालं होतं."

कोणी केलं? "सगळ्यांनी मिळून." काय काय तपासलं? "ग्रुपवर टाकलं होतं ना." मग तो खरंच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वर वर सरकवत बसला आणि त्याला जे सापडलं ते असं: 'नवीन दर चेक केले, ओके', खाली चार अंगठे. कोणते दर, कोणत्या प्रकारचं बिल, विक्री की परतावा, काहीच नाही. चौघांना वाटत होतं की बाकीच्या तिघांनी तपासलंय.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, हा निष्काळजीपणा, यात टूलचा काय संबंध? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. खरी गोष्ट डिसेंबरमध्ये कळली. त्या टीममध्ये आधी टेस्टिंग करणारी एक मुलगी होती. जुलैमध्ये ती पुण्याला नोकरीला लागली. लग्नासाठी गावी आली तेव्हा दुकानात आली, मी तिला हा सगळा किस्सा सांगितला. ती दोन मिनिटं गप्प झाली आणि म्हणाली, "ताई, ही केस तर माझ्या शीटमध्ये होती."

१८ जुलै २०२२ ला पॅकबंद, लेबल लावलेल्या पीठ-तांदळावर ५ टक्के जीएसटी लागला होता, आठवतं का? तेव्हा याच सॉफ्टवेअरनं हाच घोळ केला होता. जुन्या बिलाचा परतावा नव्या दरानं. तिनं तो पकडला होता, पोरांनी दुरुस्त केला होता, आणि तिनं आपल्या एक्सेलमध्ये ओळ टाकून ठेवली होती: दर बदलला की जुन्या बिलाचा परतावा तपासणे. ते एक्सेल तिच्या लॅपटॉपवर होतं. ती गेली, लॅपटॉप फॉरमॅट करून नव्या मुलाला दिला. तीन वर्षांनी नव्या मुलानं दराचा भाग नव्यानं लिहिला आणि जुनी चूक पुन्हा जिवंत झाली.

म्हणजे हे ज्ञान त्या कंपनीनं एकदा कमावलं होतं, त्याचा पगारही मोजला होता, आणि नंतर पुसून टाकलं होतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. शेगावचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ पासून आहे. हुशार पोरं दरवर्षी बाहेर पडतात आणि बहुतेक जण पुण्याची गाडी धरतात. त्यात चूक काही नाही, तिकडे पगार आहे. पण इथे राहून पाच जणांची कंपनी चालवायची असेल तर हे गृहीतच धरा, की तुमचा चांगला माणूस दीड-दोन वर्षांत जाणार. मोठ्या कंपनीत एक टेस्टर गेला तर शेजारच्या खुर्चीवर दुसरे दहा असतात, त्यांच्या डोक्यात थोडंफार राहतं. तुमच्याकडे एकच होती. म्हणून म्हणते, याची गरज हिंजवडीपेक्षा आपल्याला जास्त.

हे टूल नेमकं करतं काय, ते दुकानाच्या भाषेत सांगते. वर्षाअखेरीला आपण स्टॉक मोजतो. एक यादी असते, प्रत्येक वस्तूचं नाव, कोणत्या कपाटात, किती असायला पाहिजे. मोजणाऱ्याच्या हातात यादी देतो, तो प्रत्येक नावापुढे मोजलेला आकडा टाकतो, खाली तारीख आणि सही. यादी तीच राहते, मोजणी दरवर्षी नवी. टेस्ट मॅनेजमेंटमध्ये त्या यादीतल्या एका ओळीला टेस्ट केस म्हणतात आणि एका मोजणीला टेस्ट रन. केसमध्ये लिहायचं: सुरुवातीला स्थिती काय, पायऱ्या कोणत्या, उत्तर काय यायला पाहिजे. माझीच केस घ्या. स्थिती: १० सप्टेंबर २०२५ चं बिल, शॅम्पू, ८,००० अधिक १८ टक्के. पायरी: १० ऑक्टोबरला तोच माल परत घ्या. अपेक्षित: क्रेडिट नोट ९,४४० ची. एवढंच. हे लिहायला इंजिनिअर लागत नाही, आणि तपासायला नवीन मुलाला तीन मिनिटं लागतात.

प्रत्येक अपडेटच्या आधी एक रन उघडायचा. कोणी कोणती केस तपासली, पास की फेल, किती राहिल्या, हे सगळ्यांना एकाच पडद्यावर दिसतं. ज्या ओळीपुढे काहीच नाही ती रिकामी दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवर तपासलेलं दिसतं, न तपासलेलं कधीच दिसत नाही. मला विचाराल तर या टूलची निम्मी किंमत त्या रिकाम्या चौकटींची आहे.

एक गैरसमज काढून टाका. हे टूल स्वतः काही तपासत नाही. सेलेनियमसारख्या गोष्टींनी आपोआप टेस्टिंग करता येतं, तो वेगळा विषय. त्याचे निकाल या टूलमध्ये आणून जोडता येतात, पण केस सुचायला माणूसच लागतो. १९ जुलै २०२४ आठवतोय ना, विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते? क्राउडस्ट्राइक या बड्या सुरक्षा कंपनीच्या एका छोट्या फाइलनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. त्यांच्याकडे टेस्टिंग नव्हतं असं नाही. फाइलचा साचा २१ माहितींचा होता आणि ती वाचणारा प्रोग्राम २० च पुरवत होता. आधीच्या चाचण्यांत त्या एकविसाव्या जागी 'काहीही चालेल' असं धरलेलं होतं, त्यामुळे चूक वर आलीच नाही. वर अपडेट सगळ्यांना एकदम गेला. यादीत नसलेली गोष्ट टूल आठवून देत नाही, हे टूल विकणारे सांगणार नाहीत म्हणून मी सांगते.

मग एक्सेल काय वाईट? काही वाईट नाही. तुम्ही एकटे किंवा दोघं असाल, पन्नास-साठ केस असतील, तर गुगल शीट पुरे. ऑनलाइन, सगळ्यांना दिसेल अशी, कंपनीच्या ईमेलवर बनवलेली. कोणाच्या खासगी जीमेलवर नको, नाहीतर तो गेला की शीटही गेली. पण तिसरा माणूस आला, दोन अपडेट एकाच वेळी चालू झाले, की शीटमध्ये कोण कुठला कॉलम भरतंय ते कळेनासं होतं. मागच्या वेळचा निकाल पुसून त्यावर नवा लिहिला जातो. 'मार्चमध्ये ही केस पास होती का?' या प्रश्नाला शीट उत्तर देत नाही. तिथे टूलकडे जा, त्याआधी नको. ज्यानं एकही केस हातानं लिहिलेली नाही त्यानं टूल घेतलं तर त्याचं नव्या महागड्या वहीसारखं होतं. पहिल्या पानावर नाव, बाकी कोरी.

क्लाउडचंच का? स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी मोफत टूलही आहेत, टेस्टलिंक आहे, किवी टीसीएमएस आहे. कोड खुला, लायसन्सचा पैसा नाही. पण तो सर्व्हर सांभाळणार कोण? बॅकअप कोण घेणार? तुमच्या ऑफिसात इन्व्हर्टर किती वेळ चालतो? पाच जणांच्या टीममध्ये हे काम 'ज्याला वेळ असेल त्याचं' होतं, म्हणजे कोणाचंच नाही. शिवाय मोठ्या कंपन्यांनीही दिशा दाखवलेली आहेच. जिराच्या स्वतःच्या सर्व्हरवरच्या आवृत्तीचा सपोर्ट अटलासियननं १५ फेब्रुवारी २०२४ ला बंद केला. क्लाउडमध्ये तुमचा एक टेस्टर नांदुऱ्याहून आणि एक घरी बाळ सांभाळत शेगावहून काम करू शकते. लग्नानंतर गाव बदललेल्या मुलींना कामावर ठेवण्याचा हा रस्ता आहे, यावर कधीतरी वेगळं बोलेन.

नावं विचाराल तर टेस्टरेल आहे, जिरा वापरत असाल तर त्यात बसणारी एक्सरे आणि झेफर आहेत. २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅकचंही टेस्ट मॅनेजमेंट आहे. मी कोणाची एजंट नाही, कोणाची लिंक देत नाही. दोन-तीनांची ट्रायल घ्या आणि डेमोतले रंगीत चार्ट बघू नका. तुमच्या खऱ्या तीस केस टाका, एक खरा अपडेट त्यावर तपासा, मग सगळं एक्सेलमध्ये बाहेर काढून बघा. नीट बाहेर निघत नसेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. जो माल गोडाऊनमध्ये ठेवता येतो पण काढता येत नाही तो आपला नसतो. आणि घेतल्यावरही दर शनिवारी एक प्रत बाहेर काढून ठेवा, कारण नेट गेलेल्या दिवशीच कोणीतरी विचारतं.

पैशाचं मोकळेपणानं बोलू. ही टूल बहुतेक दरमहा, दर माणसामागे पैसे घेतात आणि अनेकांचे दर डॉलरमध्ये असतात. पाच जणांची टीम म्हणून पाच सीट घेऊ नका. रोज तपासणारे दोघं असतील तर दोन घ्या, मालकाला नुसतं बघायचं असेल तर अनेक ठिकाणी बघण्यापुरता प्रवेश स्वस्त किंवा फुकट मिळतो. परदेशी कंपनीकडून घेतलं आणि तुमची जीएसटी नोंदणी असेल, तर १८ टक्के रिव्हर्स चार्जनं तुम्हाला स्वतः रोखीनं भरावे लागतात, मग त्याचं क्रेडिट मिळतं. हे सीएला आधी सांगा, मार्चमध्ये नाही. आणि कार्डावरचे दरमहा आपोआप जाणारे पैसे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं त्यासाठी आधी मंजुरी नोंदवावी लागते, आणि आता १५,००० च्या वरच्या प्रत्येक रकमेला ओटीपी. परदेशी कंपन्यांचे असे हप्ते फसतात आणि खातं बंद पडतं. वार्षिक पैसे भरा किंवा तारीख कॅलेंडरवर लाल पेननं लिहा.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर मी गिऱ्हाईक म्हणून भांडेन. टेस्टिंगसाठी आमचा खरा डेटा वापरू नका. माझ्या उधारी खात्याची खरी यादी, नाव-मोबाइलसकट, तुम्ही स्क्रीनशॉट काढून परदेशातल्या टूलमध्ये चिकटवता. बग दाखवायला सोपं पडतं म्हणून. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलेला आहे, पण कायदा बाजूला ठेवा. खेड्यात कोणाची किती उधारी आहे हे बाहेर जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. खोटी नावं बनवा. 'रामभाऊ एक, रामभाऊ दोन' चालेल.

विकत घेणाऱ्यांनो, तुमच्यासाठी एकच. पुढच्या वेळी कोणी सॉफ्टवेअर विकायला आला की फीचर किती ते विचारू नका. शेवटच्या अपडेटचा टेस्ट रन दाखव म्हणा. दाखवला तर बसवून चहा पाजा. गोंधळला तरी चहा पाजा, पण वर्षाचे पैसे एकदम देऊ नका.

माझ्या सॉफ्टवेअरवाल्या मुलाचं काय झालं? मी त्याला सोडलं नाही. रागात सोडणार होते, पण नवीन घेतलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून हेच. मी त्याला म्हणाले, तू टूल घे, केस मी देते. दोन रविवार बसून मी काउंटरवरच्या २६ केस मराठीत लिहून दिल्या. बिल अर्धं झालं आणि लाईट गेली. गिऱ्हाईकानं अर्धे रोख, अर्धे यूपीआयनं दिले. बाराच्या पेटीतून पाचच नग परत आले. जुन्या दराचं बिल, नव्या दरात परतावा. पुण्याला गेलेल्या मुलीनंही फोनवरून आठवतील तेवढ्या सांगितल्या, पैसे घेतले नाहीत. पहिल्या रनमध्ये माझ्या २६ पैकी ९ फेल झाल्या. त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता.

त्यातल्या सात दुरुस्त झाल्या. दोन अजून उघड्या आहेत. अर्ध्या पेटीचा परतावा त्याच्या मते 'तसंच डिझाइन आहे', माझ्या मते चूक आहे, आणि आमचं त्यावर भांडण चालू आहे. मागच्या आठवड्यात नवा अपडेट आला तेव्हा त्यानं मला रन बघायला पाठवला. चार चौकटी रिकाम्या होत्या. मी त्याला कळवलं, त्या भर, मग टाकते. रविवारी दुपारी दुकान बंद असताना टाकला.